कर शून्य असला, तरी विवरणपत्र टळत नाही!

निवृत्तिवेतनधारक म्हटला, की तो साठी ओलांडलेलाच असणार, हा समज भिंगारमध्ये टिकत नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर यांच्या सान्निध्यात असलेल्या या छावणीच्या गावात चाळिशीच्या आसपासच गणवेश उतरवलेले नायक, हवालदार भेटतात. निवृत्तीनंतर बँकेत वा कारखान्यात नोकरी, गावाकडे थोडीफार जमीन आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेच्या मुदत ठेवी, असा त्यांचा संसार असतो. उत्पन्न चार ठिकाणांहून येते आणि पैसे देणाऱ्या एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. प्राप्तिकराच्या बाबतीत सारा घोळ येथेच होतो.

सर्वांत पसरलेला गैरसमज बारा लाखांचा आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. पगारदार व निवृत्तिवेतनधारकांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी हा आकडा १२ लाख ७५ हजार होतो. परंतु ही करमुक्त मर्यादा नव्हे. मूळ मर्यादा ४ लाखांचीच आहे. तेथून पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के असा कर चढत जातो आणि २४ लाखांवर तो ३० टक्के होतो. बारा लाखांच्या आतील व्यक्तीचा असा आकारलेला कर ६० हजारांपर्यंतच्या सवलतीने माफ होतो, इतकेच. ही सवलत विवरणपत्रात मागायची असते. म्हणूनच एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल, तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते. शिवाय शेअर विक्रीच्या नफ्यावर ज्या विशेष दराने कर लागतो, त्याला ही सवलत मिळत नाही.

आता दोन पगारांचे गणित पाहू. समजा, एका माजी सैनिकाला वर्षाला ७ लाखांचे निवृत्तिवेतन मिळते आणि नव्या नोकरीत साडेसहा लाखांचा पगार. निवृत्तिवेतन हेही कायद्याच्या दृष्टीने पगारच. दोन्हीकडचे हिशेबनीस आपापल्या आकड्यातून ७५ हजार वजा करतात, उरलेली रक्कम बारा लाखांच्या आत दिसते आणि एक रुपयाही कापला जात नाही. प्रत्यक्षात एकूण उत्पन्न साडेतेरा लाख; वजावट एकदाच मिळते, त्यामुळे करपात्र रक्कम १२ लाख ७५ हजार. तीवर कर ७१ हजार २५० आणि ४ टक्के उपकर धरून ७४ हजार १०० रुपये. दोन शून्यांची बेरीज अशी पाऊण लाखाच्या घरात जाते! वर्षअखेर भरायचा कर १० हजारांहून अधिक असेल, तर तो हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो, अन्यथा व्याज चढते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. पण पंचेचाळिशीचा निवृत्त हवालदार ज्येष्ठ नागरिक नाही. त्याने निवृत्तिवेतनाचा आकडा नव्या मालकाला लेखी कळवला, तर दरमहा कर कापला जाऊन ही कटकट मिटते.

हाच भेद व्याजालाही लागू पडतो. बँकेने व्याजावर करकपात करण्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी १ लाख, तर इतरांसाठी ५० हजार आहे. मात्र कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, असे नव्हे. पतसंस्थेतील ठेवीचे व्याजही उत्पन्नातच धरावे लागते.

शेतीचा मुद्दा त्याहून अवघड आहे. शेती उत्पन्न करमुक्त असते, हे खरे. पण ते ५ हजारांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात घ्यावे लागते. करपात्र उत्पन्न १० लाख आणि ऊस-कांद्याचे निव्वळ उत्पन्न ५ लाख, असे धरू. पंधरा लाखांवरील करातून (१ लाख ५ हजार) शेती उत्पन्न अधिक ४ लाख, म्हणजे ९ लाखांवरील कर (३० हजार) वजा केला, की ७५ हजार उरतात. सवलत ६० हजारांचीच. म्हणजे दहा लाखांच्या माणसालाही १५ हजार रुपये व त्यावर उपकर भरावा लागतो. असे शेती उत्पन्न असलेल्याला सहज सोपा ‘आयटीआर-१’ हा नमुनाही चालत नाही. व्यवसाय नसल्यास ‘आयटीआर-२’ भरावा लागतो.

काही रकमा मात्र निश्चित करमुक्त आहेत. लष्करी सेवेतील उपदान, अंशराशीकृत निवृत्तिवेतनाची एकरकमी रक्कम आणि शौर्यपदकधारकांचे निवृत्तिवेतन यांवर कर नाही. रणभूमीवर वा तत्सम कामगिरीत वीरमरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतनही पूर्ण करमुक्त असते. इतर कुटुंब निवृत्तिवेतन ‘अन्य उत्पन्ना’त मोडते, त्यातून ७५ हजार नव्हे, तर एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५ हजार, यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबत सावध राहावे. अपंगत्वामुळे सेवा सोडावी लागलेल्यांनाच ही करमाफी आहे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१९ मध्ये स्पष्ट केले आणि त्यावरून न्यायालयीन वाद उभा राहिला. सेवामुक्तीच्या आदेशातील शब्द तपासल्याखेरीज हा दावा करू नये.

असे दावे परस्पर करून परतावा मिळवून देणारे, त्यातील टक्केवारी घेणारे मध्यस्थ सर्वत्र आहेत. प्राप्तिकर विभागाने जुलै २०२५ मध्ये बोगस वजावटींच्या संशयावरून देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली होती. विवरणपत्र कोणीही भरून दिले, तरी जबाबदारी करदात्याचीच. उत्पन्नाची चुकीची माहिती देणे सिद्ध झाल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

विवरणपत्र भरण्यापूर्वी संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण (एआयएस) उतरवून घ्यावे. व्याज, लाभांश, शेअर व्यवहार आणि करकपात त्यात दिसते. ‘स्पर्श’ प्रणालीवरील निवृत्तिवेतनाचा ‘फॉर्म १६’ आणि नव्या मालकाचा ‘फॉर्म १६’ यांच्याशी ते ताडून पाहावे. एक एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा आला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या कायद्यानुसारच भरायचे आहे.

पगारदार व निवृत्तिवेतनधारकांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलैची. ती २०२५ मध्ये १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण दरवर्षी वाढेलच या भरवशावर राहणे परवडणारे नाही. मुदतीनंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह विवरणपत्र भरता येते. हे शुल्क ५ हजार, तर ५ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १ हजार रुपये. मात्र गृहकर्ज, विमा आदींच्या वजावटींसाठी जुनी करप्रणाली निवडण्याचा पर्याय मुदतीनंतर हातून जातो. आणि विवरणपत्र पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपीने त्याची पडताळणी करावी. हे जमत नसेल, तर पोचपावतीवर सही करून ती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवता येते.