तापलेले मेण, थकलेले हात

नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्यांचा दिवस संध्याकाळी दुसऱ्यांदा सुरू होतो. कुणी बँकेतून आल्यावर पेटी काढते, कुणी शाळेच्या वह्या तपासून झाल्या की कुंचला हातात घेते. बहुतेक छंदांत थकव्याची किंमत फार मोठी नसते. सूर चुकतो, रंग ओघळतो आणि दुसऱ्या दिवशी तो सुधारता येतो. तापलेल्या मेणाने चित्र रंगवण्याच्या कलेत, म्हणजे एन्कॉस्टिकमध्ये, तसे नसते. इथे शेजारी विजेचा तापलेला तवा असतो, हातात हीट गन असते आणि भांड्यात नव्वद अंशांचे पातळ मेण असते. म्हणून हे काम किती वेळ करावे याइतकेच ते दिवसाच्या कोणत्या वेळी करावे, हेही महत्त्वाचे ठरते.

दोन हजार वर्षांची कला

एन्कॉस्टिक हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ ‘तापवून आत बसवलेले’ असा होतो. मधमाश्यांच्या मेणात डॅमर नावाची झाडाची राळ आणि रंगाची भुकटी मिसळतात. हे मिश्रण पातळ करून लाकडी फळीवर लावतात. प्रत्येक थर पुन्हा थोडा तापवून खालच्या थराशी एकजीव करतात. इजिप्तमधील फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातील ममींवर माणसांचे चेहरे रंगवलेल्या फळ्या सापडल्या. त्यांतील अनेक चित्रे याच पद्धतीची आहेत आणि त्यांचे रंग आजही ताजे वाटतात.

विसाव्या शतकात या कलेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले, त्यात अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचा मोठा वाटा आहे. लष्करातून परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. पुढे मित्र रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्यासोबत दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याची कामे केली. त्याच काळात, १९५४-५५ मध्ये, त्यांनी ‘फ्लॅग’ हे चित्र केले. ते आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. सुरुवातीला वापरलेला रंग लवकर वाळत नव्हता, म्हणून ते मेणाकडे वळले. मेण काही क्षणांत थिजते आणि पुढचा थर लगेच देता येतो.

पोटापाण्याचे काम सांभाळणाऱ्यांसाठी मेणाचा हा गुण मोलाचा आहे. त्याहून मोलाचा गुण म्हणजे मेण थांबू शकते. काम अर्धवट टाकून तवा बंद केला तर मेण घट्ट होते. चार दिवसांनी किंवा चार महिन्यांनी तापवले की ते पुन्हा वापरता येते. रंग वाळून वाया जाण्याची भीती नसल्याने ‘आज रात्री संपवलेच पाहिजे’ असा आग्रह हे माध्यम धरत नाही. तो आग्रह माणूस स्वतःच धरतो.

रात्री अकराचा हात

सकाळी सहाला उठलेली व्यक्ती रात्री अकराला सलग सतरा तास जागी असते. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सतरा तास जागे राहिलेल्यांचा हात आणि डोळा यांचा मेळ तपासला. तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडलेला आढळला. भारतात वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा याहून कमी, ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचे, त्याच अवस्थेत तापलेले भांडे उचलणे सुरक्षित कसे ठरेल?

थकलेल्या मेंदूचा आणखी एक तोटा असा की आपण थकलो आहोत याचा अंदाज त्याला नीट येत नाही. चित्रात रमल्यावर जांभया थांबतात आणि वाटते, झोप उडाली. प्रत्यक्षात लक्ष अधूनमधून निसटतच असते. तवा बंद करायचा राहतो, वायरीत पाय अडकतो, कुंचल्याऐवजी तापलेल्या पत्र्याला बोट लागते. प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते. रोज रात्री तास-दीड तास झोपेतून कापून घेतला, तर त्याची भरपाई रक्तदाब, साखर आणि चिडचिड या रूपांत शरीर करून घेते.

उष्णता किती असावी

मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. रंगवण्यासाठी ते साधारण ८० ते ९५ अंशांवर ठेवतात. त्याच्या फार वर गेले की मेण आणि राळ यांचे विघटन होऊ लागते. त्यातून अ‍ॅक्रोलीनसारखे वायू निघतात. करपलेल्या तेलाचा जो उग्र वास नाकात झोंबतो, त्याच्यामागे हाच वायू असतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला, डोके जड होणे, मळमळ ही त्याची लक्षणे. दम्याच्या रुग्णाला याने झटका येऊ शकतो. खोलीबाहेर गेल्यावर थांबणारी आणि आत आल्यावर परत सुरू होणारी डोकेदुखी हवेचा दोष दाखवते. मेणातून धूर दिसला तर ते नक्कीच जास्त तापले आहे. अशा वेळी बटण बंद करून खोलीबाहेर पडावे.

तव्याच्या बटणावरील आकड्यांवर विसंबू नये. पृष्ठभागाचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर वापरावा. गॅसची शेगडी या कामासाठी टाळावी, कारण उघडी ज्योत आणि मेणाची वाफ एकत्र आली की आग लागू शकते. हीट गन पंधराशे ते दोन हजार वॉटची असते. ती आणि तवा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्यास वायर तापते. या उपकरणांसाठी भिंतीतील मोठे, जादा क्षमतेचे सॉकेट हवे. टर्पेंटाइनसारखे द्रव त्या टेबलावर नसावेत. स्वयंपाकाची भांडी मेणासाठी एकदा वापरली की ती कायमची मेणाचीच.

हवा कुठून कुठे जाते

आपल्या फ्लॅटमध्ये खरी अडचण हवेची असते. रात्री डास येतात म्हणून खिडक्या लावतात, पावसाळ्यात पाणी येते म्हणून लावतात. एसी लावला की हवा खेळती राहते असा एक समज आहे. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. छताचा पंखा वाफ खोलीभर पसरवतो आणि मेणही लवकर थिजवतो. टेबल खिडकीला लावून, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. पाठीमागचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी असावी. हवेचा प्रवाह पाठीकडून येऊन मेणावरून बाहेर गेला पाहिजे. वाफ आधी चेहऱ्यावर येऊन मग बाहेर जात असेल तर मांडणी चुकली.

मास्क लावून हा प्रश्न सुटत नाही. एन-९५ मास्क धूलिकण अडवतो, वायू अडवत नाही. मात्र कोरड्या रंगाची भुकटी हाताळताना तो उपयोगी पडतो. पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांच्या काही रंगांत कॅडमियम असते, काही पांढऱ्या रंगांत शिसे असते. कॅडमियम हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे, परंतु चित्रकलेची प्रत्येक भुकटी त्या नियमाखाली येते असे समजू नये. सोपा मार्ग म्हणजे भुकटी घरी न मिसळता, रंग मिसळलेल्या मेणाच्या तयार वड्या घेणे आणि डब्यावरील घटक वाचणे. काम करताना चहा-बिस्किटे त्या टेबलावर नकोत. हात धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नये. गरोदर स्त्रिया, दमा असलेल्या व्यक्ती आणि लहान मुले गरम कामाच्या वेळी त्या खोलीत नसलेली बरी.

थंड काम आणि गरम काम

मग नोकरदाराने ही कला सोडून द्यावी का? मुळीच नाही. कलेचा आरोग्याला होणारा लाभ खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्र, माती किंवा चिकटकाम केले. त्यानंतर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक कमी झालेले आढळले. हातात कला असणे-नसणे याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावरून मोठे दावे करता येणार नाहीत. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या ४५ मिनिटांत कुणीही काही तापवले नव्हते.

एन्कॉस्टिकमध्येही निम्म्याहून अधिक काम थंडच असते. फळी घासून तयार करणे, तिच्यावर योग्य अस्तर देणे, रेखाटन, रंगसंगतीची टिपणे, कागदाचे तुकडे कापणे, थिजलेल्या थरावर टोकदार सुईने रेषा कोरणे आणि जादा मेण खरवडणे ही सगळी कामे तवा बंद ठेवून होतात. आठवड्याच्या संध्याकाळी अर्धा-पाऊण तास यांतले काही करावे. फळी घासण्याचे धुळीचे काम गॅलरीत, मास्क लावून करावे. मेण तापवणे, थर देणे आणि ते एकजीव करणे सुट्टीच्या सकाळी ठेवावे. झोप झालेली असते, उजेड असतो, खिडक्या उघड्या असतात आणि काही झालेच तर घरात दुसरे माणूस जागे असते. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांच्या मनगटांना आणि मानेलाही हीच वाटणी मानवते, कारण जड हीट गन धरून वाकण्याचे काम ताज्या अंगाने होते.

इथे घरातल्या इतरांचाही संबंध येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करणारी स्त्री चित्रासाठी रात्री अकराची वेळ निवडते, तेव्हा ती निवड बहुधा तिची नसते. बाकी सगळे आवरल्यावर तेवढीच वेळ उरते. रविवारी सकाळी नाश्ता आणि मुले दुसऱ्या कुणी सांभाळली, तर तिच्या हाताला चटका बसण्याची शक्यता कमी होते. ही मदत प्रेमाची आहेच, पण तिला सुरक्षेचा उपाय म्हटले तरी चालेल.

छंदाचे दुसरी नोकरीत रूपांतर होऊ नये, हेही पाहावे. कामानंतर मन कशाने सावरते यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीन सॉनेन्टाग यांनी बरेच संशोधन केले आहे. त्यात चार गोष्टी पुढे येतात. कामाचे विचार मनातून सुटणे, विसावा, नवे काही जमल्याचे समाधान आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा. प्रदर्शनाची तारीख आणि ओळखीच्यांच्या ऑर्डरी गळ्यात पडल्या की पहिल्यांदा जातो तो शेवटचा.

पोळल्यास काय करावे

गरम मेण कातडीला चिकटते आणि चिकटलेल्या जागी उष्णता देत राहते. म्हणून लगेच नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. थिजलेले मेण ओढून काढू नये, त्यासोबत कातडी निघते. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जावे. चेहरा, डोळे, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, जखम तळहाताएवढी किंवा मोठी असेल, जागा पांढरी पडली असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. मूल, वृद्ध किंवा मधुमेही व्यक्ती भाजली असेल तर छोट्या जखमेसाठीही जावे. जुन्या मधुमेहात पायांची, कधी हातांचीही संवेदना कमी झालेली असते. पोळल्याचे कळतच नाही, म्हणून अशांनी अनवाणी काम करू नये.

मेणाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, भडका उडतो. शक्य असेल तर वीज बंद करावी, धातूचे झाकण सरकवून भांडे झाकावे आणि ते जागचे हलवू नये. आग आटोक्यात येत नसेल तर घरच्यांसह बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर फोन करावा. असे झाकण टेबलावर आधीपासून ठेवलेले असावे.

घरी मेणबत्त्या करणाऱ्यांना आणि बाटिक करणाऱ्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते. तवा लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: रात्री झोप झाली का, खिडकी उघडी आहे का, झाकण हाताशी आहे का. यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी रेखाटन करावे. मेण रविवारपर्यंत थांबते.