बीपीच्या माणसाचे ताट वेगळे काढू नका

बीपी वाढल्याचे कळले की आपल्या घरांत अब्बांसाठी किंवा अम्मीसाठी वेगळी अळणी भाजी शिजू लागते. बाकीचे दस्तरखानवर बिर्याणी खातात आणि हिंडता-फिरता माणूस आजाऱ्यासारखा बाजूला बसतो. चार दिवस सोसतो, पाचव्या दिवशी गुपचूप लोणचे काढतो. गोळीविना बीपी ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न आमच्या मते इथेच फसतो.

बीपी 140/90 च्या थोडेच वर असेल आणि मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर डॉक्टर अनेकदा तीन ते सहा महिने गोळीविना प्रयत्न करू देतात. ही मुदत एकट्याची नाही, सगळ्या घराची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे. म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला फार तर 750 ग्रॅम. एक किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर सगळ्यांनाच मीठ जास्त होते आहे. पापड, फरसाण, खारी, सुकट यांतले तर त्यात धरलेलेच नाही. सैंधवाने सुटका होत नाही, तेही मीठच. सालनातले मीठ दर आठवड्याला थोडे कमी करा. लिंबू, कोकम, आले-लसूण वाढवा. काही आठवड्यांत जीभ सरावते. आणि इफ्तारच्या फळांवर चाट मसाला कशाला?

1997 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘डॅश’ अभ्यासात फळे, भाज्या आणि कमी सायीचे दूध-दही वाढवल्यावर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी 11 ने उतरला. वजन किलोभर उतरले की साधारण एकाने फरक पडतो. रोज अर्धा तास चालणेही हवेच. अम्मीला ‘चालत जा’ म्हणणे सोपे आहे. त्या अर्ध्या तासात चूल कोण सांभाळणार, ते घरातल्यांनी ठरवावे.

डोके दुखत नाही म्हणून बीपी ठीक आहे, असे समजू नये. ते मुकाट्याने वाढते आणि लकवाही आणू शकते. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको; पाच मिनिटे शांत बसावे, मग दंडावर पट्टा बांधून मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. घरी मोजताना तो वरचेवर 135/85 च्या वर येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. गोळी आधीच चालू असलेल्यांनी ती स्वतःहून बंद करू नये. कमी करायची की नाही, ते वही पाहून डॉक्टर सांगतील.