दोष सांध्यात असतो

पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर एके काळी ॲल्युमिनियमच्या काड्यांचं रान माजलं होतं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं, आणि घरोघरचे सांगाडे त्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. पुढे केबल आली, तबकड्या आल्या आणि हे सारं रान भंगारात गेलं. आमच्या गच्चीवर मात्र एक अँटेना उरली आहे. ती टीव्हीची नाही. अर्धवट मिटलेल्या छत्रीच्या काड्या आणि तिच्या टोकावर आडवं चाक, असं तिचं रूप. तिला डिस्कोन म्हणतात. तबकडी आणि शंकू यांच्या या जोडीला कुठल्याच एका दिशेचं वा एकाच लहरीचं वेड नसतं. चहूकडून जे येईल ते ती घेते. म्हणूनच अनेक लहरी चाळत जाणाऱ्या स्कॅनर रेडिओला ती मानवते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हौशी रेडिओची परीक्षा दिली. तो परवाना दुसऱ्यांच्या खासगी बोलण्यात कान घालण्याचा नव्हे. हौशी मंडळींना नेमून दिलेल्या लहरींपुरता. रोज सकाळी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आमच्या भागातली म्हातारी मंडळी हजेरी देतात. हवा कशी, गुडघा कसा, एवढंच बोलणं. पण ते क्षुल्लक समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीनं अंदमानला झोडपलं तेव्हाही, नेहमीचे मार्ग बंद पडल्यावर हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते. रोजची हजेरी म्हणजे त्या दिवसाची तालीम.

गेल्या पावसाळ्यानंतर या हजेरीतला एक आवाज खरखरीत बुडू लागला. हे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, एकटे राहणारे. 'त्यांचा यंत्रसंच थकला असेल', असं आधी वाटलं. मग मनात आलं, माणूसच तर थकला नसेल? आठवडाभरात दुसरा आवाज खरखरला, मग तिसरा. सगळे एकदम कसे थकतील? थकलं होतं ते माझ्याकडचंच काहीतरी.

बँकेत ताळा जुळेनासा झाला की आम्ही सगळी पुस्तकं उपसत नसू. आधी फरकाला नवानं भाग जातो का ते पाहायचं. गेला तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले. नाहीतर निम्म्या पानांची बेरीज तपासायची, मग उरलेल्याच्या निम्म्याची. इथंही तोच मार्ग धरला. स्कॅनरला छोटी दांडी लावली. जवळची स्टेशनं स्वच्छ ऐकू आली. म्हणजे यंत्र निर्दोष. मग गच्चीवर जाऊन केबल अँटेनापासून सोडवली, तिचं वरचं टोक मोकळं ठेवलं आणि घरात येऊन मधली तार व भोवतालची जाळी यांच्यात मीटर लावला. दोघींत काहीच संबंध दिसायला नको होता. काटा हलला. त्या दोघींच्या मधे पाणी बसलं होतं.

पाणी वरच्या कनेक्टरच्या बारीक फटीतून शिरतं. तांब्याच्या जाळीचे धागे दिव्याच्या वातीसारखे ते आत ओढून घेतात. वरून आवरण धडधाकट, आतून तांबं काळं. केबलमधल्या प्लॅस्टिकपेक्षा पाण्याचा विद्युतगुण कित्येक पटींनी वेगळा, त्यामुळे लहरी वाटेतच परततात किंवा विरतात. माझी केबल आरजी-५८ जातीची, वीसेक मीटर लांब. ती नवी असतानासुद्धा एवढ्या अंतरात निम्म्याहून अधिक शक्ती खाते. ओली झाल्यावर तिच्याकडून काय अपेक्षा धरायची!

दुरुस्तीला सोबत होती खालच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी. गच्चीवर, तेही माझ्या वयात, एकट्यानं चढू नये आणि आभाळ भरलं असताना तर मुळीच चढू नये. मी केबल वीतभर कापली, आत काळं. पुन्हा वीतभर, तरी काळं.

"आजोबा, घासून चालणार नाही का?"

"नाही गं. काळ्या तांब्यावर डाख बसत नाही. बसल्यासारखा दिसतो, इतकंच."

चौथ्या वितीला लखलखीत तांबं लागलं आणि मीटरचा काटा निमूट झाला. राळ लावून तिनंच डाख दिला. तिचा हात कापत नाही. जुना कनेक्टर टाकून रबरी कडं असलेला एन जातीचा घेतला. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून खालून वर गुंडाळली, कौलं जशी एकावर एक बसतात तशी, म्हणजे पाणी घरंगळून जातं. शेवटी घरात शिरण्याआधी केबलला झोळ दिला. पाऊस त्या झोळावरून ठिबकतो, भिंतीच्या भोकात जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोन आवाज स्वच्छ आले. त्या ऐंशीपलीकडच्या गृहस्थांची खरखरही गेली. पण आता दोन वाक्यांमधली त्यांची धाप स्पष्ट ऐकू आली. इतके दिवस ती माझ्या केबलच्या आवाजात दडली होती. हजेरीतल्या एकानं त्याच दुपारी त्यांचं घर गाठलं आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

सोसायटीच्या सभेत दरवर्षी प्रश्न येतो: हा सांगाडा अजून कशाला? यंदा मी ही हकीकत सांगितली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी अँटेना उतरवायची आणि काम झालं की पुन्हा उभारायची, असा ठराव झाला. उभारायची जबाबदारी त्या मुलीनं घेतली आहे. ती परीक्षेचा अभ्यासही करते आहे.