दमलेल्याला बसवण्याचे दिवस

३१ डिसेंबर २०२४ रोजी ‘एनबीए टूके२३’ या बास्केटबॉल गेमचे सर्व्हर बंद झाले. गेम बाजारात येऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. पदरचे पैसे घालून जमवलेले ऑनलाइन संघ एका रात्रीत गेले. त्याआधी तीनच महिने, २९ सप्टेंबरला, पुण्यातल्या कसबा पेठेचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं होतं. पेठ बदलल्याची हळहळ अनेकांना आहे; तिथल्या सायबर कॅफेत संध्याकाळी घालवून आता चाळिशीकडे झुकलेल्या पोरांना मात्र गेमची बातमी जास्त लागली.

ही पोरं आधी खेळली ती ‘एनबीए लाइव्ह’ ही दुसरी मालिका, १९९४ सालची. तिची पहिली आठ-नऊ वर्षं सोडून दिली तरी चालतील. घरात कॉम्प्युटर असणं हेच तेव्हा अप्रूप होतं. खरा काळ २००३ ते २०१२.

‘लाइव्ह २००४’मध्ये ‘डायनॅस्टी’ आली आणि अनेक मोसमांचा संसार रंगला. मोसमाचे ८२ सामने आणि प्रत्येक खेळाडूच्या दमाचा हिशेब. दम उतरला की पाय जड व्हायचे, हमखास बसणारा नेम चुकायचा. टाइमआउट घेतला तर थोडी उभारी यायची. बदली खेळाडू आपोआप उतरवण्याची सोय बंद केली, की कोणाला कधी बसवायचं ही जबाबदारी सर्वस्वी खेळणाऱ्याची.

एकाच कॉम्प्युटरवर दोघं, एकाच्या हाती गेमपॅड, दुसऱ्याच्या बोटांखाली बाणांच्या कळा, आणि मागे आपल्या पाळीची वाट बघणारे चौघं-पाचजण. चौथा क्वार्टर. ह्यूस्टनचा साडेसात फुटी याओ मिंग मैदानभर रखडतोय. मागून ओरडा, “अरे बसव त्याला, मेला तो!” खेळणाऱ्याला अजून दोनच गुण हवे असतात. तेवढ्यात याओ कोसळतो, पडद्यावर दुखापतीची सूचना येते आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच्याविना काढावे लागतात. मध्येच वीज गेली, तर सेव्ह न केलेला अख्खा सामनाच पाण्यात.

हे कल्पनेतलं नव्हतं. २००५-०६च्या मोसमात खरा याओ ५७ सामने खेळला आणि त्याचा जोडीदार ट्रेसी मॅक्ग्रेडी ४७. ‘लाइव्ह ०८’च्या वेष्टनावर झळकलेला गिल्बर्ट अरीनास गुडघ्यापायी त्या मोसमात १३ सामन्यांपलीकडे गेला नाही. ‘टूके१३’च्या वेष्टनावर डेरिक रोझ होता. २८ एप्रिल २०१२ रोजी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. पुढच्या मोसमात तो एकही सामना खेळला नाही.

आणि तरीही सेटिंगमध्ये जाऊन दमणं बंद, दुखापती बंद करणारे महाभाग होतेच. तेच पाच खेळाडू शेवटपर्यंत पळवून ते जिंकायचे आणि वर मिरवायचे. त्या विजयांना आजही किंमत देऊ नये. दम मोजला जात असेल तरच बाकावरचा आठवा-नववा खेळाडू कामाचा; त्याला कधी उतरवायचं यातच सगळी अक्कल. हे शिकवणारी शाळाच त्यांनी बंद करून टाकली.

दुसरा राग ‘लाइव्ह’ बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्सवर. ‘लाइव्ह ०८’नंतर कंपनीनं पीसीवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. २००८मध्ये ‘टूके९’ पीसीवर आला म्हणून निभावलं. पुढे टूकेनं पाठ, गुडघा, घोटा अशा एकेका अवयवाचा टिकाऊपणा वेगळा मोजायला सुरुवात केली. या कामात टूके ईएच्या कितीतरी पुढे होती, हे मान्यच करायला हवं.

पण त्याच टूकेनं पुढे दम विकायला काढला. ‘मायकरिअर’मध्ये खेळाडूचा दमसास वाढवायचा तर व्हीसी हे गेममधलं चलन मोजा, ते खेळून मिळवा, नाहीतर खऱ्या पैशांनी घ्या. वर लवकर दमू नये म्हणून गेटोरेडचे बूस्ट. जिथे विचार करावा लागायचा, तिथे पाकीट उघडावं लागतं.

एनबीए या खऱ्या लीगमध्ये उलटाच पेच. नोव्हेंबर २०१२मध्ये सॅन अँटोनियोच्या संघानं डंकन, पार्कर, जिनोबिली यांना विश्रांतीसाठी घरी धाडलं, तर अडीच लाख डॉलर दंड झाला. २०२३-२४पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आली. ताऱ्यांना कधी बसवावं, हा कॅफेतला वाद आता लीगच्या नियमावलीत आहे.

संघ सांभाळण्याचा ‘मायएनबीए’ हा विभाग अजून शाबूत आहे. तो ऑफलाइन चालतो, सर्व्हर गेले तरी मरत नाही. दमाचा आणि दुखापतींचा वेग त्यात हवा तसा ठेवता येतो. पण कंपनीचा सगळा जीव व्हीसीत. शिवाय नव्या कन्सोलवरची आवृत्ती पीसीवर यायला ‘टूके२५’ उजाडावा लागला. तोवर ती खेळायला पेठेत एकत्र जमावं, असे कॅफेच उरले नव्हते.