गाडीत मायक्रोफोन बसवताना

बुवापाडा, अंबरनाथ, उल्हासनगर या भागात गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढणाऱ्या बोलेरो, थारसारख्या गाड्यांचे मालक फोनचा मायक्रोफोन किंवा वायरलेस सेट बसवून मागतात. काम तासाभराचे दिसते, पण चुकले तर गिऱ्हाईक परत येते आणि मजुरी हातची जाते.

पहिली चूक जागेची होते. एसीच्या जाळीजवळ मायक्रोफोन चिकटवला की पलीकडच्याला वाराच ऐकू येतो. डिझेल इंजिन, घाटातला दुसरा गिअर, रुंद टायर यांचा गोंगाट केबिनमध्ये असतोच. त्यावर महागडा मायक्रोफोन हा उपाय नव्हे. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की बोलणे सुमारे 6 डेसिबलने वाढते, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून ड्रायव्हरच्या सन व्हायजरची कड किंवा काचेशेजारचा खांब ही जागा बरी. मात्र जिथे एअरबॅगची खूण असेल तिथे काहीही लावू नये. एअरबॅग फुटली तर ती वस्तू थेट तोंडावर येते.

बोलण्यामागे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर तो बहुधा अल्टरनेटरचा आवाज. वायरलेस सेटला करंट लायटरच्या सॉकेटमधून न देता थेट बॅटरीवरून द्यावा, फ्यूज बॅटरीजवळच टाकावा, अर्थिंग रंग खरवडून घट्ट करावे. मायक्रोफोनची वायर करंटच्या वायरीपासून लांब न्यावी आणि गिअर किंवा फोर-व्हीलच्या दांड्यात अडकणार नाही अशी बांधावी.

आम्ही एकदा जुन्या जीपच्या डॅशबोर्डला भोक पाडताना मागची वायपरची वायर तोडली. अख्खी दुपार आणि त्या दिवसाची कमाई त्यात गेली. तेव्हापासून आधी मागे हात घालून चाचपतो आणि ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली ठरवतो.

कायदाही गिऱ्हाइकाला सांगावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणे आले आहे. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. 2020 च्या नियमाने हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यापुरता, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. तेव्हा वायरलेसचा हातातला माइक शेजारच्या सीटकडे टांगावा. बोलेल तो शेजारी. सेटबाबतही विचारावे. 27 मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडला 5 वॅटपर्यंत 2005 पासून परवान्याची सूट आहे, बाकी सेट परवान्याशिवाय जोडून देऊ नयेत.

उभ्या गाडीत चाचणी घेऊन पैसे मागू नयेत. बदलापूर रस्त्यावर एक फेरी मारावी, काचा एकदा वर, एकदा खाली. फोनच्या पलीकडे गिऱ्हाइकाचाच माणूस ठेवावा. त्याला प्रत्येक शब्द कळला की मगच बिल.