मांडीवर बसलेली पोर, पाठ फिरवलेला आजा

हिटलरचा बंगला होता त्या ओबरझाल्झबर्ग डोंगरावर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले त्याला 2025च्या 25 एप्रिलला 80 वर्षं झाली. अशी तारीख आली की त्या बंगल्याची तीच छायाचित्रं पुन्हा फिरू लागतात. बर्फाचे डोंगर, गच्ची, हसणारा मालक. मला त्यापेक्षा डोंगराखालच्या बेर्ख्तेसगाडेन गावातली एक पोरगी महत्त्वाची वाटते. इर्मगार्ड हंट, जन्म 1934चा. मोठेपणी अमेरिकेत राहून तिनं त्या डोंगराखालच्या बालपणावर पुस्तक लिहिलं.

तीन वर्षांची असताना हिटलरनं तिला मांडीवर घेतलं. भोवतीची माणसं हरखली. आजा मात्र पाठ फिरवून चालता झाला. बाप चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढायचा. 1941 मध्ये फ्रान्समध्ये सैन्यात असताना गेला.

मुलांना जवळ घेणं हा तिथला धंदाच होता. हाइनरिश हॉफमन हा हिटलरचा फोटोग्राफर अशा फोटोंची पुस्तकं छापून विकायचा. त्याच्या फोटोंतली बेर्निले नीनाऊ ही हिटलरची लाडकी, दोघांचा वाढदिवस एकच, 20 एप्रिल. तिची आजी ज्यू निघाली, आणि 1938 मध्ये पोरीचं येणंजाणं बंद झालं.

फोटोत न आलेलं बरंच आहे. हिटलरचा विश्वासू मार्टिन बोरमान यानं डोंगरावरच्या शेतकऱ्यांना, खानावळवाल्यांना दमदाटी करून उठवलं, घरं पाडली, कुंपण घातलं. योहान ब्रांडनर या दुकानदारानं हिटलरलाच अर्ज दिला. त्याची रवानगी दाखाऊच्या छळछावणीत झाली.

याउलट आम्हा बेळगावजवळच्या येळ्ळूरकरांचा डोंगर, राजहंसगड. कुणीही उठावं, चढावं, सिद्धेश्वराला हात जोडून खाली यावं. 2023च्या मार्चमध्ये तिथल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं उद्घाटन एकाच आठवड्यात दोनदा झालं, आधी भाजपनं, मग काँग्रेसनं. वर चढून फोटो काढायची हौस आमच्या पुढाऱ्यांनाही दांडगी, पण ते उतरले की गड पुन्हा पोरांचा.

तिकडे ओबरझाल्झबर्गवर युद्धाच्या शेवटी विमानं आली की डोंगर झाकायला कृत्रिम धूर सोडत आणि खालचं खोरंही त्यात बुडून जाई. बॉम्ब पडले त्या दिवशी हिटलर बर्लिनच्या तळघरात होता. बंगल्याचे अवशेष 1952 मध्ये सुरुंग लावून उडवले. डोंगरावर त्या काळाची माहिती देणारं केंद्र उघडायला मात्र 1999 उजाडलं! त्याच्याही वर, 1834 मीटरवरचं केलश्टाइनहाउस हे त्याच काळातलं घर आज उपाहारगृह आहे. डोंगराच्या पोटातल्या 124 मीटरच्या लिफ्टनं वर जाता येतं. कुणी जाणार असेल तर आधी खालचं केंद्र बघावं. बिअर नंतरही मिळते.