पहिली भाकर कोणाची गोल झाली?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरीला गणिताचं डोकंच नाही. शाळा सोडवून घरी बसवावं म्हणते." तेव्हा आम्ही विचारलं, "ताई, तुमची पहिली भाकर गोल झाली होती का?"

नव्हतीच! तुटली, करपली, तरी रोज थापली. मेंदू असाच शिकतो. त्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. नवं काही करताना त्यातल्या काही एकमेकींशी जोडल्या जातात. तेच पुन्हा पुन्हा केलं की जोडणी पक्की होते, जशी धुऱ्यावरून रोज गेलं की पाऊलवाट पडते. सराव सुटला की वाटेवर गवत वाढतं. शिकलेलं झोपेतही पक्कं होतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणापेक्षा रोजचा अर्धा तास बरा.

वयही आड येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात 2016 साली महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी घेऊन आल्या आणि सही करायला शिकल्या.

लेकरू चुकलं तर रागावू नका. "कुठं अडलं?" विचारा. उत्तर सांगू नका, त्यालाच पुन्हा करू द्या. दोन दिवसांनी तेच गणित वही न बघता सोडवायला सांगा. तरी अडलं तर गुरुजींना दुसरी रीत विचारा.

त्या ताईंची पोर शाळेत जाते आहे. काल तिचा भागाकार दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. ताई शेजारी बसून भाकरी थापत होत्या.